ओट्यावरची मिसरी

आत्या मिसरी भाजायला बसली की आमची सगळी गल्ली शिंकायला लागायची. शेवगावच्या बाजारातून आणलेला काळ्या तंबाखूचा पाला ती मागच्या अंगणात तीन दगड मांडून फुटक्या खापरात भाजायची. घरातली चूल त्यासाठी पेटवायची नाही, एवढी एकच गोष्ट आईने तिच्याकडून कबूल करून घेतली होती. पाला काळा पडायला लागला की असा धूर उठायचा, की गोठ्यातली म्हैससुद्धा फुरफुरायची आणि शेजारची भागाबाई भिंतीपलीकडून ओरडायची, "सोने, अगं गाव जाळतीस का काय?" ओरडून झालं की तीच आपली रिकामी डबी घेऊन दारात हजर. माझ्या नातवंडांना हे सगळं समजावून सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगते. मिसरी म्हणजे तंबाखू भाजून केलेली काळी पूड. ती बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची, तोंडात धरून बसायचं आणि थुंकत राहायचं. म्हणायला दात घासणं, खरं बघाल तर निव्वळ तलफ. बिडी पुरुषांची, चुना लावून मळलेली तंबाखू पुरुषांची, आणि मिसरी बायकांची. तिला व्यसन म्हणतात हे मला पुढे शाळेत शिकवायला लागल्यावर कळलं. मग पोरांची व्यसनमुक्तीची फेरी निघाली की घोषणा द्यायला मीच पुढे. इतर शिक्षक म्हणायचे, बाईंचा आवाज खणखणीत आहे. आवाज कुठून येत होता ते मी कुणाला सांगत बसले नाही.

घरात आम्ही चौघं. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. आई. सोनाआत्या, म्हणजे दादांची धाकटी बहीण. आणि मी. आत्या नवऱ्याकडून परत आली तेव्हा मी रांगत होते म्हणे. तिकडे तिला मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी केली, आणि आत्या एका गाठोड्यानिशी आमच्या दारात येऊन उभी राहिली. त्याबद्दल ती कधी रडलेली मला आठवत नाही. बोलायला मात्र तिला काहीही चालायचं. बैलाला शिव्या द्यायची, पावसाला द्यायची, दादांना तोंडावर "ए येड्या" म्हणायची. मला तिने कडेवर वाढवलं. वेणी तिनेच घालायची, उवा तिनेच काढायच्या, जेवताना मांडीवर तिनेच घ्यायचं, अगदी घोडी झाले तरी.

आई तिच्या अगदी उलट. आई अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याकडच्या डोंगरातली. एका सालच्या टंचाईत आमचे आजोबा चाऱ्यासाठी जनावरं घेऊन तिकडे गेले आणि येताना सोयरीक ठरवून आले, असं घरात सांगायचे. भात आणि नागली खाऊन वाढलेली पोरगी आमच्या या उघड्या, काळ्या मुलखात ज्वारी-बाजरीत येऊन पडली. तिच्या बोलण्याचा हेल वेगळा होता. ती तोंड उघडायची आणि गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसायच्या. "भातखाऊ आली," म्हणायच्या. आईने मग सरळ बोलणंच आवरतं घेतलं. कामाला वाघीण. उजाडायच्या आत उठून दळण, पाणी, शेण, धारा, आणि दिवस वर यायला लागला की भाकऱ्यांची थापथाप. पण तिने मला जवळ घेतलं, माझ्याशी चार शब्द मोकळेपणाने बोलली, असं मला त्या वयापर्यंत एकदाही आठवत नाही. ती आहे हे मला फक्त भाकरीच्या आवाजावरून कळायचं. रागवायचीही नाही हो! रागावली असती तरी बरं वाटलं असतं.

सकाळी बायका आमच्या ओट्यावर जमायच्या. आत्या मधोमध, भोवती भागाबाई आणि आणखी दोघीतिघी, प्रत्येकीचं एक बोट तोंडात. कुणाची सून माहेरी पळाली, कुणाचा नवरा तमाशाच्या फडामागे गेला, कुणाला दिवस गेले, सगळ्या गावाच्या खबरा तोंडात बोट धरूनच सांगितल्या जायच्या, आणि मधे मधे ओट्याखाली पिचकाऱ्या. मी आत आईजवळ बसायची ती चुलीतल्या धुराकडे बघत. बाहेर हसण्याचा गडगडाट व्हायचा आणि माझा जीव तिकडे ओढ घ्यायचा. पोरगी म्हणून त्या मला हाकलून द्यायच्या, "जा गं, मोठ्या बायकांत काय काम तुझं?" तेराव्या वर्षी हे ऐकून घेणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

मग माझी दाढ दुखायला लागली. गाल सुजून भोपळा झाला. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, काही फरक नाही. मी गडाबडा लोळायला लागले तेव्हा आईच घाबरून आत्याला म्हणाली, "वन्सं, हिच्या दाढंचं बघा ना काहीतरी." आत्याने चिमूटभर मिसरी दाढेत दाबली. डोकं असं गरगरलं, की मी ओट्याचा खांब धरला. उलटी झाली. आत्या म्हणाली, "लागली. लागू दे. पैल्यांदा सगळ्यांनाच लागतीया." पण थोड्या वेळाने ठणका बधिर झाला, आणि आत्याने मला तिथेच, बायकांच्या मधोमध, मांडीवर घेऊन बसवलं. कुणी मला उठ म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी दाढ कमी दुखत होती तरी मी आत्यापुढे हात पसरला. दाढ पुढे आपोआप बरी झाली. हात पसरणं काही थांबलं नाही.

खरं सांगू का, मला मिसरीची चव कधीच आवडली नाही. कडू जहर. मला तो ओटा आवडायचा. आत्या एका बोटाने मिसरी चोळत दुसऱ्या हाताने माझ्या केसांतून बोटं फिरवायची, भागाबाई मलाही विचारायची, "काय गं शांते, तुला काय वाटतं, त्या पाटलाच्या पोराचं खरं का खोटं?" आणि मी मोठ्या बाईसारखी थुंकून मत द्यायची. आतून आईची हाक यायची, "शांते, च्या घे." मी म्हणायची, "आले," आणि जायची नाही. चहा गार व्हायचा. आई तो परत गरम करायची. वर्षभरात अशी गत झाली, की सकाळी मिसरी लावल्याशिवाय मला परसाकडेला व्हायचं नाही आणि शाळेत दुपारपर्यंत कपाळ ठणकायचं. दप्तरात एक छोटी डबी आली, ती आत्यानेच दिली, तिच्या मते लाडाने. दादांना माहीत होतं. ते हसून म्हणाले, "लावू दे, दातं घट ऱ्हात्यात." त्यांच्या स्वतःच्या गालात तंबाखूची गोळी होतीच. त्यांच्याकडून वेगळं काय निघणार?

मग पाऊस पडला नाही. त्याच्या आदल्या वर्षीही यथातथाच होता. विहिरीने तळ दाखवला, म्हैस विकली, शाळा नावापुरती उरली, आणि आम्ही तिघी बायका सरकारी कामावर खडी फोडायला जायला लागलो. दादा दुसऱ्या कामावर, पाझर तलावाच्या मातीवर. रेशनवर लाल मिलो मिळायचा, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. त्याची भाकरी तांबडी, चिरमट, घशाखाली उतरायची नाही, पण मिळायची ती देवाची म्हणून खायची. आई पीठ अंदाजाने घेऊन भाकऱ्या करायची, मोठी भाकरी दादांना, मधली मला, आणि तिच्या वाट्याला काय यायचं ते कुणी बघायचं नाही. आणि मी माझी भाकरी अर्धी टाकायला लागले! मिसरीने भूक मरते, हे कामावरच्या बायका उघड बोलायच्या, म्हणून तर त्या दिवसांत जिला तिला जास्त लागायची. मी तर वाढत्या अंगाची. गळ्याची हाडं वर आली, हात थरथरायला लागले. खडी फोडताना हातोडी एकदा दगडाऐवजी बोटावर बसली, नख काळंनिळं झालं.

एका रात्री आईने माझ्या ताटातली उरलेली अर्धी भाकरी हातात घेतली. त्या साली लोक भाकरीसाठी गाव सोडून चालले होते, आणि तिची पोरगी भाकरी ताटात ठेवून उठत होती. ती उठली, कोनाड्यातली आत्याची डबी घेतली, माझ्या कमरेची डबी हिसकली आणि दोन्ही उकिरड्यात भिरकावल्या. एवढा आवाज तिने आयुष्यात पहिल्यांदा काढला. "माझ्या पोरीला खाती तुमची मिसरी, वन्सं! तुमी तिला जगू द्यानार हाय का न्हाई?"

आत्या पांढरीफटक पडली. मग तिचा तो तोंडाचा पट्टा सुरू झाला. "व्हय, मीच वाईट! दाढ दुखली तवा कुनी म्हनलं बघा म्हनून? मपल्या हातानं वाढवली पोर, आता मी तिला मारीन व्हय? ऱ्हावा तुमी सुखानं, मी चालले." आणि खरंच गाठोडं बांधायला बसली. मी तिच्या गळ्यात पडून रडायला लागले, "आत्या, जाऊ नको. आत्या, मी बी येते." दादा आले, त्यांनी सगळं ऐकलं, आणि आईवरच उखडले. "आगं, भनीला कुठं धाडू मी? तिला हाय का कोन? चिमूटभर भुकटीपाई घर फोडतीस?" आई माझ्याकडे बघत होती, मी आत्याला मिठी मारून बसले होते. आज मला तिचं ते तोंड आठवतं. तेव्हा मात्र मला फक्त तिचा राग आला होता. अस्सा राग, की सांगता सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बायका जमल्या. आत्याने उकिरड्यातून डबी शोधून, राखेने घासून परत आणली होती. मीही बसले होते, मुद्दाम, आईला दिसेल अशी. आतली भाकरीची थापथाप थांबली. आई बाहेर आली, पिठाचे हात पदराला पुसले, आणि माझ्या शेजारी ओट्यावर येऊन बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने आत्यापुढे हात केला. "वन्सं, मला बी द्या."

मग जो काही हशा पिकला! भागाबाई टाळी वाजवून म्हणाली, "आली गं बया, भातखाऊ वाटंवर आली!" आत्या तर खूश झाली, तिला वाटलं भांडण मिटलं. तिने मोठी चिमूट दिली. आईने ती दातांना लावली, माझ्याकडे वळली आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "शांते, आजपासून तू जितक्यांदा लावशील तितक्यांदा मी लावनार. तू सोडशील तवा मी सोडीन." बायका परत हसल्या. मीही हसले. थोड्याच वेळात आई ओट्यावरून उठली, भिंत धरत परसात गेली आणि ओकली. पोटात होतंच काय, नुसतं पित्त.

आता ही कसली रीत, तुम्हीच सांगा. पोरीला मारायचं, कोंडायचं, शाळेतून काढायचं, लग्न लावून द्यायचं, या सगळ्या रीती गावाला माहीत होत्या. हे असलं कुणी ऐकलेलं नव्हतं. मला वाटलं दोन दिवसांत थकेल. थकली नाही. कामावर दुपारी मी दगडाच्या ढिगाआड जाऊन मिसरी लावली, की ती हातोडी खाली ठेवून माझ्यामागे यायची. माझं बोट धरायची, नाकाशी न्यायची, आणि मग आत्याकडून चिमूट मागून घ्यायची. मी चिडून म्हणायची, "आई, तू नको ना लावू. तुला सोसत नाही." ती म्हणायची, "तुला सोसतं का?" बस्स, एवढंच. संध्याकाळीही तेच. तिचे डोळे खोल गेले, तोंडाला कोरड पडली. जी मधली भाकरी मी अर्धी टाकायची, तीसुद्धा आता तिच्या पोटात जाईना. आत्याची मजा संपली होती. ती डबी लपवायला लागली, तर आई भागाबाईकडे मागायची. मी कमी लावायचं ठरवायची आणि तलफ आली की डोकं फिरायचं. सोडणं म्हणजे काय असतं हे न लावणाऱ्याला काय कळणार? मला आईची दया येत होती आणि मला मिसरीही हवी होती, दोन्ही एकाच वेळी, आणि त्याचाच मला जास्त संताप यायचा.

एका दुपारी ऊन मी म्हणत होतं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले, बाभळीखाली बसून चिमूट लावली. आई आली, तिने बोट हुंगलं, स्वतः लावली आणि परत खडीच्या ढिगाकडे निघाली. चार पावलंही गेली नसेल. तिचे पाय दुमडले आणि ती फोडलेल्या खडीवर तोंडावर पडली. बायका धावल्या. कपाळ फुटलं होतं, रक्त डोळ्यात उतरत होतं, ओठांच्या कडेने काळी लाळ. आत्याने तिला उताणं केलं, माठातलं पाणी तोंडावर मारलं, कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. आई काही डोळे उघडेना. मला वाटलं गेली. खरंच वाटलं. मी हाका मारत होते आणि माझ्या तोंडात अजून तीच कडू मिसरी होती, ती थुंकायचंही मला सुचत नव्हतं.

आईने डोळे उघडले. आत्याकडे बघितलं नाही, रक्ताकडे बघितलं नाही. मला शोधलं आणि म्हणाली, "परत लावलीस का?"

मी काही बोलायच्या आत आत्याने माझ्या थोबाडीत मारली. जिने मला कधी फुलाने मारलं नव्हतं, तिने सगळ्या कामावरच्या लोकांसमोर अशी सणसणीत लगावली, की कान वाजला. आणि मग स्वतःच माझ्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडायला लागली. "वैनी, पाया पडते तुमच्या, नका आता. शांते, पुन्यांदा माझ्यापुढं हात पसरलास तर तोडून टाकीन." तिला तेव्हा कळलं असावं, की वहिनीला तिच्याशी भांडायचं नव्हतंच.

मी सोडली. लिहायला दोन शब्द, सोडायला सगळा उन्हाळा गेला. डोकं फुटायचं, पोट साफ व्हायचं नाही, कुणी काही बोललं की मी अंगावर धावून जायची. आई मला चिंचोके भाजून द्यायची, कोळसा कुटून दात घासायला द्यायची, आणि कामावर जाता-येता माझ्याबरोबर चालायची. आत्या मुद्दाम मागे राहायची. तेव्हा आई पहिल्यांदा माझ्याशी बोलली. भंडारदऱ्याचं पाणी कसं दिसतं, आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या वेळी चिखलात पाय कसे रुततात, नव्या तांदळाचा भात शिजला की वास कुठवर जातो. आमच्या पायाखाली नुसता फुफाटा आणि ती मला भातखाचरं सांगत होती. मला भूक लागायला लागली. तांबडी भाकरी मी पूर्ण खायला लागले, आणि आई माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मीही तिला रोज विचारायची, "तू लावली नाहीस ना?" ती मान हलवायची. मला वाटायचं, आम्ही दोघी जिंकलो.

पुढे मी शिकले, शिक्षिकेची नोकरी लागली, लग्न झालं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. आत्या तोवर गेली होती. एका सकाळी पोराला निजवून मी आईला शोधत मागे गेले, तर ती गोठ्याच्या आडोशाला भिंतीकडे तोंड करून उकिडवी बसलेली, बोट तोंडात. मला बघून तिने हात पटकन पाठीमागे लपवला. एवढी मोठी बाई, चोरी पकडलेल्या लेकरासारखी. मी विचारलं, "कधीपासून?"

"तवापासूनच," ती म्हणाली. "मला काय ती सुटली न्हाई."

म्हणजे मला चिंचोके देत होती तेव्हाही. भंडारदऱ्याच्या गोष्टी सांगत होती तेव्हाही. माझ्यासाठी तिने उचललेली ती चिमूट तिला चिकटली होती, आणि इतकी वर्षं ती माझ्यापासून लपवत, माझी नजर चुकवत लावत होती. मी तिथे उभी राहून रडायला लागले, तिला काही काही बोलले, आता आठवत नाही काय. तिने सगळं ऐकून घेतलं. उठली, हौदावर चूळ भरली, हात धुऊन पदराला पुसले.

"तुझी सुटली न्हवं?" ती म्हणाली. "मग झालं. जा आता, पोरगं उठलंय तुझं."